जीवनसत्त्वं-खनिजांची रोजची नोंद: काटा, वही आणि सात दिवस

गेल्या वर्षी मी सलग दोन महिने जेवणाची नोंद मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये केली. लोहाची पट्टी रोज हिरवीगार. कधी १२० टक्के, एकदा तर १४८. मग थकवा जाईना म्हणून रक्त तपासलं, तर फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) ९ आणि हिमोग्लोबिन १०.८, दोन्ही कमी. डॉक्टरीणबाईंना मी मोठ्या तोऱ्यात मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे अ‍ॅप कुठल्या देशातल्या बाईसाठी आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन खोदकाम केलं, तेव्हा कळलं की मी प्रामाणिकपणे चुकीचा हिशोब करत होते. लक्ष्य अमेरिकेचं, पोह्यांचा आकडा पन्नास वर्षांपूर्वीचा आणि उसळीचं वजन दुप्पट लावलेलं. त्यानंतर वही-पेन घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. ते कसं, हे खाली क्रमाने लिहिते आहे. मी आहारतज्ज्ञ नाही, ठाण्यात राहणारी, नोकरी करणारी, घरी शाकाहारी स्वयंपाक करणारी बाई आहे. त्यामुळे उदाहरणं आमच्या ताटातली आहेत. तुमच्याकडे मासळी-मटण होत असेल तर काही हिशोब सोपे होतील, तेही जागोजागी सांगते.

एक गोष्ट आधीच. गरोदर असाल, मूत्रपिंडाचा आजार असेल, लहान मुलाचा आहार बघायचा असेल, किंवा पूर्वी जेवणाच्या मोजमापाचं वेड लागून त्रास झाला असेल, तर हे स्वतःच्या मनाने करू नका. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सोबत हवेत.

१. सगळं मोजू नका, चार गोष्टी निवडा

अ‍ॅप उघडलं की तीस पट्ट्या दिसतात. सेलेनियम, मँगनीज, पँटोथेनिक आम्ल. त्या सगळ्या हिरव्या करण्याच्या नादात माणूस चौथ्या दिवशी कंटाळतो. पोळी-भाकरी, डाळ, भाजी असं साधं जेवण जेवणाऱ्या घरात मॅग्नेशियम, फॉस्फरस, बी-१ यांची काळजी सहसा करावी लागत नाही. अडतं ते ठरावीक ठिकाणी: लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व.

यातलीही लोह आणि कॅल्शियम ही दोनच वहीत नीट मोजता येतात. बी-१२ अंदाजाने काढायचं. ड जीवनसत्त्व जेवणाच्या वहीत जवळजवळ मावतच नाही. त्याचं वेगळं प्रकरण पुढे आहे.

आयोडीनसाठी मोजणी नको, फक्त मिठाची पिशवी उलटून बघा. हल्ली बऱ्याच घरांत सैंधव आलं आहे. त्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं नसेल तर त्यातून आयोडीन मिळेल असं धरू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी चार वर्षं फक्त गुलाबी मीठ वापरलं, "नैसर्गिक आहे" म्हणून. दोन्ही डबे घरात ठेवा म्हटलं तर आता ऐकतात.

२. लागणारं सामान

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर भांडं ठेवून शून्य करायचं बटण असायलाच हवं.
- एक वाटी आणि एक चमचा, नेहमी तेच. घरातल्या वाट्या शंभरापासून दोनशे मिलिलिटरपर्यंत कितीही असतात. आपली वाटी एकदा पाण्याने भरून काट्यावर ठेवा, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर.
- शंभर पानी वही. अ‍ॅप वापरायचं तर वापरा, पण पहिला आठवडा वहीच बरी. कारण सहाव्या मुद्द्यात कळेल.
- 'इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स २०१७'. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण केलं, त्याचा हा ग्रंथ. तुमचा मुख्य आधार हाच.
- गेल्या सहा महिन्यांतले रक्ततपासणीचे अहवाल असतील तर ते.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, 'ताकदीच्या' गोळ्या आणि प्रोटीन पावडरसकट. त्यांच्या डब्यांमागचे तक्ते फोटो काढून ठेवा.

३. आधी लक्ष्य बदला

माझी पहिली चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबते. बहुतेक परदेशी अ‍ॅपमध्ये लक्ष्य अमेरिकेच्या शिफारशीप्रमाणे भरलेलं असतं. तिथे पाळी चालू असलेल्या बाईला लोह रोज १८ मिलिग्रॅम सांगितलं आहे, पुरुषाला ८. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत बाईसाठी २९ आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम आहे. एवढा फरक का? आपलं लोह मुख्यतः धान्य, डाळी, पालेभाज्यांतून येतं आणि त्यातलं थोडंच शरीरात शोषलं जातं. हे गृहीत धरूनच आपला आकडा मोठा ठेवलेला आहे.

प्रौढांसाठी वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा:

लोह: बाई २९, पुरुष १९ मिलिग्रॅम
कॅल्शियम: दोघांनाही १००० मिलिग्रॅम
क जीवनसत्त्व: बाई ६५, पुरुष ८० मिलिग्रॅम (लोहाच्या मदतीसाठी लागतं, म्हणून)
बी-१२: दोन ते अडीच मायक्रोग्रॅम
ड: ६०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे १५ मायक्रोग्रॅम

आता घाबरून जाण्याआधी याचा अर्थ समजून घ्या. ही शिफारस जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज भागावी अशी वरच्या टोकाला धरून काढलेली असते. त्याच अहवालात 'सरासरी गरज' म्हणून दुसरा आकडा आहे: बाईसाठी लोह १५ मिलिग्रॅम, कॅल्शियम ८००. तुमची आठवड्याची सरासरी १५ आणि २९ च्या मधे कुठेतरी आली म्हणजे कमतरता झालीच असं नाही. पाळीत रक्तस्राव बेताचा असणाऱ्या बाईला १७-१८ पुरेल, जास्त असणारीला पुरणार नाही. मी दुसऱ्या गटातली. हे अ‍ॅपला कुठून कळणार?

एककांचा सापळाही इथेच. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. ड जीवनसत्त्वात एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. डब्यावर एक एकक आणि अ‍ॅपमध्ये दुसरं असलं की पट्टी एकदम चाळीस पट उडी मारते. आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा दिसला तर आधी एकक तपासा.

४. कोरडा जिन्नस तोला, शिजलेला नाही

"एक वाटी उसळ", "दोन पळ्या आमटी" असं लिहिलं की हिशोब तिथेच बुडाला. कुणाची आमटी पातळ, कुणाची घट्ट. म्हणून स्वयंपाक करताना कच्चं तोलायचं: डाळ धुण्याआधी, तांदूळ धुण्याआधी, पीठ पाणी घालण्याआधी.

मटकी हे उत्तम उदाहरण. ३० ग्रॅम कोरडी मटकी भिजून मोड येईपर्यंत पाणी पिऊन दुप्पट किंवा त्याहून जड होते. मी मोड आलेली मटकी ६५ ग्रॅम तोलायचे आणि अ‍ॅपमध्ये कोरड्या मटकीच्या नावावर टाकायचे. लोह दुप्पट!

घरात चारजण असतील तर पूर्ण भांड्याचा हिशोब करा. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून ते तळाशी मार्करने लिहून ठेवा. (सासूबाईंनी विचारलं, हे काय, भांड्यांची जनगणना आहे का.) आमटी झाल्यावर पातेल्यासकट तोला, पातेल्याचं वजन वजा करा, मग तुमच्या वाटीत आलेली आमटी तोला. एकूण आमटी ८०० ग्रॅम, तुमची २००, तर कच्च्या डाळीचा चौथा हिस्सा तुमचा. भाजीचंही तसंच.

पालेभाजी निवडून झाल्यावर तोला. मेथीची जुडी काड्या काढल्यावर निम्म्यावर येते, आणि तक्त्यातला आकडा पानांचा असतो.

भाकरीसाठी एकदाच करा: नेहमीच्या हाताने चार भाकऱ्या होतील एवढं पीठ घ्या, तोला, चाराने भागा. पुढे फक्त भाकऱ्या मोजायच्या. फुलक्यांनाही हीच युक्ती.

५. आकडा कुठून घेतला ते लिहा

अ‍ॅपमध्ये 'पोहे' शोधले की पाच-सात नोंदी येतात. काही वापरणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या, काही जुन्या पुस्तकातून उचललेल्या. जुन्या भारतीय तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत लोह २० मिलिग्रॅम दिलं आहे. २०१७च्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. हळिवाचं तर विचारूच नका: जुना आकडा १००, नवा १७. समाजमाध्यमांवर फिरणारे 'हळीव म्हणजे लोहाचा खजिना' हे संदेश त्या जुन्या शंभरावर उभे आहेत. हळीव चांगलंच आहे, बाळंतिणीला लाडू जरूर द्या. पण चमचाभर हळिवात, म्हणजे १० ग्रॅममध्ये, दहा नव्हे तर पावणेदोन मिलिग्रॅम लोह आहे.

रोजच्या जिनसांचे २०१७च्या तक्त्यातले आकडे, १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे, मिलिग्रॅममध्ये, थोडे पूर्णांकात आणून:

ज्वारी: लोह ४, कॅल्शियम २८
बाजरी: लोह ६.४, कॅल्शियम २७
नाचणी: लोह ४.६, कॅल्शियम ३६४
कणीक: लोह ४.१, कॅल्शियम ३१
पांढरा तांदूळ: लोह ०.७, कॅल्शियम ७
मटकी: लोह ७.९, कॅल्शियम १५४
तूरडाळ: लोह ३.९, कॅल्शियम ७२
मेथीची पानं: लोह ५.७, कॅल्शियम २७४
शेवग्याचा पाला: लोह ४.६, कॅल्शियम ३१४
पालक: लोह ३, कॅल्शियम ८२
पांढरे तीळ: लोह १५, कॅल्शियम १२८३
गाईचं दूध: लोह नगण्य, कॅल्शियम ११८

पालकाकडे परत एकदा बघा. मेथी आणि शेवगा त्याच्या कितीतरी पुढे आहेत, आणि पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्याने धरून ठेवलेलं असल्यामुळे त्यातलं फारच थोडं हाती लागतं. तरीही प्रत्येक आरोग्य-पोस्टमध्ये फोटो पालकाचाच.

तिळाचा आकडा सालासकट तिळाचा आहे. बाजारात मिळणारे पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ घेतले तर कॅल्शियमचा मोठा भाग सालाबरोबर गेलेला असतो. किंचित मळकट दिसणारे, असोले तीळ मागून घ्या.

आणखी दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे २०१७च्या तक्त्यात बी-१२चा रकानाच नाही. त्यामुळे ज्या अ‍ॅपने ते आकडे घेतले आहेत, त्यात दुधापुढेही बी-१२ शून्य दिसू शकतं. तो शून्य 'नाही' असा नसून 'मोजलेलं नाही' असा आहे. दुसरी खाच उलट बाजूची. अमेरिकी नोंद निवडली तर दुधात ड जीवनसत्त्व आणि मैद्यात लोह व फॉलिक आम्ल वरून घातलेलं धरलं जातं, कारण तिथे तसं विकतात. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्यासाठी तीच नोंद बरोबर आहे. माझ्या पिशवीतल्या दुधाला ती लावली की फुकटचं ड जीवनसत्त्व जमा होतं.

६. एका दिवसाचा हिशोब, हाताने

पहिला दिवस वहीत हातानेच करा, म्हणजे अ‍ॅप कुठे फसवतं ते दिसतं. हा माझा एक साधा मंगळवार. दुधादह्यातलं लोह सोडून दिलं आहे.

सकाळचा चहा, दूध १०० मिली: कॅल्शियम १२०
कांदेपोहे, पोहे ६० ग्रॅम, शेंगदाणे १०: लोह ३, कॅल्शियम १०
डब्यात तीन फुलके, कणीक ७५: लोह ३.१, कॅल्शियम २३
मटकीची उसळ, कोरडी ३०: लोह २.४, कॅल्शियम ४६
वरण-भात, डाळ २० आणि तांदूळ ४०: लोह १, कॅल्शियम १७
दही १०० ग्रॅम: कॅल्शियम १२०
दुपारचा चहा, दूध ५० मिली: कॅल्शियम ६०
रात्री दीड भाकरी, ज्वारीचं पीठ ८०: लोह ३.२, कॅल्शियम २२
मेथीची भाजी, निवडलेली पानं ८०: लोह ४.६, कॅल्शियम २२०

बेरीज: लोह १७.३, कॅल्शियम ६३८.

आता गंमत बघा. हेच १७.३ अमेरिकी लक्ष्याशी ताडलं तर ९६ टक्के. पोह्यांची जुनी नोंद निवडली तर लोह एकदम २६.६ होतं आणि पट्टी १४८ टक्के दाखवते. आपल्या २९ शी ताडलं तर ६० टक्के. ताट एकच, बाई एकच. माझा तो तोऱ्यात दाखवलेला १४८ असा तयार झाला होता.

आणि हा चांगला दिवस होता. मेथीच्या जागी बटाट्याची भाजी ठेवली तर लोह १३ वर आणि कॅल्शियम सव्वाचारशेवर येतं. म्हणून एका दिवसावरून काही ठरवू नका. सात दिवस लिहा, त्यात एक रविवार आणि जमल्यास एक उपवास येऊ द्या. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तिच्यात जे काही लोह येतं ते शेंगदाण्याच्या कुटामुळे. त्याच उपवासाला राजगिऱ्याचं थालीपीठ केलं तर आकडे साफ वेगळे येतात. सात दिवसांची बेरीज सातने भागा. हाताशी धरायचा आकडा तो.

बाहेर खाल्लेलं? अंदाज लिहा आणि पुढे 'अं' अशी खूण करा. वडापावचं लोह शोधण्यात अर्धा तास घालवू नका.

७. ताटातलं आणि अंगातलं

लोहाच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा कशासोबत खाल्लं, याने जास्त फरक पडतो. वहीत जेवणाच्या वेळेशेजारी एक रकाना आखा: 'सोबत काय'.

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा-कॉफी असेल तर तिथे फुली मारा. चहातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्यापेक्षाही खाली जाऊ शकतं. पोहे आणि चहा ही आपली जोडी तोडायला सांगणं जिवावर येतं, पण मी तोडली. चहा उठल्या उठल्या, पोहे तासाभराने. पहिले चार दिवस चिडचिड झाली.

उलट क जीवनसत्त्व असेल तर टिकली मारा. मात्र लिंबाच्या फोडीवर फार भिस्त ठेवू नका. अर्ध्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम असतं. पेरूत १०० ग्रॅममागे दोनशेच्या वर, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. डब्याबरोबर अर्धा पेरू नेला तर उसळीतल्या लोहाला खरी मदत होते. लिंबू पिळायचंच तर गॅस बंद केल्यावर, वरून. उकळीत क जीवनसत्त्व टिकत नाही.

भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याने धान्य-कडधान्यातलं फायटेट (खनिजं धरून ठेवणारं द्रव्य) कमी होतं आणि लोह-जस्त मोकळं होतं. मोडाची मटकी आणि आंबोळी या बाबतीत नुसत्या डाळीपेक्षा वरचढ. हा फायदा अ‍ॅपच्या आकड्यात दिसत नाही. तसंच लोखंडी कढईचं. आंबट भाजी, टोमॅटो किंवा चिंच घातलेली, लोखंडी कढईत शिजवली की लोह वाढतं, पण किती ते कढईगणिक वेगळं. वहीत नुसतं 'लो. क.' लिहा, आकडा लावू नका. आणि नॉनस्टिक भांडं असेल तर ही ओळच खोडा.

मांसाहारी असाल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह सोपेपणाने शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरी-भाजीतल्या लोहालाही हात देतं. काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी कॅल्शियमसाठी उत्तम, फक्त तिच्या मिठाकडे लक्ष ठेवा.

८. बी-१२ आणि ड: वहीबाहेरचे दोघे

बी-१२ शाकाहारी माणसाला प्रामुख्याने दूध-दही-पनीर यातूनच मिळतं. साधारण धरा, २०० मिली दुधात पाऊण ते एक मायक्रोग्रॅम. अंड्यात त्याच्या अर्धं. वरच्या माझ्या मंगळवारी दूध-दही मिळून जेमतेम एक भरलं, म्हणजे गरजेच्या निम्मं. चहातल्या दुधावर बी-१२ निघत नाही, हे मला तेव्हा समजलं. तिसऱ्या, शिवल्या, बांगडा खाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

इडलीच्या आंबवण्यातून, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्यांतून बी-१२ मिळतं असं ऐकाल. आंबवलेल्या पिठावर भरवसा ठेवता येत नाही, आणि स्पिरुलिनात जे सापडतं ते मुख्यतः आपल्या शरीराच्या उपयोगी नसलेलं, बी-१२ सारखं दिसणारं द्रव्य असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२चं शोषण कमी होऊ शकतं. अशा वेळी वही कितीही भरा, रक्त तपासलेलं बरं.

ड जीवनसत्त्वाचं तर अन्नातून जमणं कठीणच. पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह (जीवनसत्त्वं वरून घातल्याची खूण) असलेलं दूध घेतलंत तर त्यात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड असतं. म्हणजे पेलाभर दुधात एक-दीड, आणि गरज १५ ची. बाकीचं उन्हावर. त्यातही सकाळी सातचं 'कोवळं ऊन' फारसं कामाचं नाही, सूर्य खाली असताना लागणारे किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत. बंद काचेच्या खिडकीतून आलेलं ऊनही नाही. माझ्या वहीत ड चा रकाना असा आहे: 'दुपारी ११ ते २, उघड्या हातांनी, किती मिनिटं'. ऑफिसच्या आठवड्यात तिथे बहुतेक शून्यच असतं.

९. दोनच बदल करा

सात दिवसांची सरासरी हातात आली की उत्साहात पूर्ण स्वयंपाकघर बदलावंसं वाटतं. मी क्विनोआ आणला होता. डब्यात किडे झाले. आहे त्याच ताटातले दोन बदल शोधा आणि वहीत ते आकड्याने लिहून बघा.

माझे असे: आठवड्यातले तीन दिवस ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी. ८० ग्रॅम पिठामागे कॅल्शियम २७० ने वाढतं, म्हणजे त्या मंगळवारचे ६३८ थेट ९०० पार. जोडीला १० ग्रॅम तिळाची चटणी, आणखी १२८ कॅल्शियम आणि दीड मिलिग्रॅम लोह. (नाचणी-तिळातलं कॅल्शियम दुधातल्याइतकं सहज मिळत नाही, म्हणून दही बंद केलेलं नाही.) थंडीत नाचणीच्या जोडीला बाजरी येते, ती ज्वारीपेक्षा भाकरीमागे एक-दीड मिलिग्रॅम लोह जास्त देते. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी करतो, तो दिवस माझ्या वहीतला सगळ्यात भरलेला दिवस आहे.

दुसरा बदल चहाच्या वेळेचा, तो वर सांगितलाच. पैसा खर्च न होता सगळ्यात जास्त फरक त्याने पडला असावा, असा माझा अंदाज.

१०. गोळ्या, तपासण्या आणि वही कधी मिटायची

फेरिटिन ९ असताना ते नुसत्या नाचणी-मेथीवर वर येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मला लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. आहाराने कमतरता पुन्हा होऊ नये एवढं साधतं. तुमच्या बाबतीत काय ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण काही गोष्टी माहीत असू द्या.

लोहाची गोळी चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्याला एक आणि ठरावीक आठवडेच देतात. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत, कारण चिठ्ठीवरचं अक्षर कळलं नाही. रोजची वरची सुरक्षित मर्यादा ४००० आययू धरतात. जास्तीचं ड अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. चिठ्ठी कळली नाही तर औषधवाल्याला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांतून एकच जीवनसत्त्व येतं का तेही बघा. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि प्रोटीन पावडर या तिन्हींत जस्त असू शकतं. केसांच्या गोळ्यांत बहुधा बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) भरपूर असतं आणि त्याने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, म्हणून रक्त देण्याआधी प्रयोगशाळेत ती घेत असल्याचं सांगा. फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने बी-१२च्या कमतरतेची रक्तातली खूण झाकली जाते, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका.

तपासायचंच तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन मागा. हिमोग्लोबिन घसरतं ते साठा संपत आल्यावर, साठ्याची कल्पना फेरिटिन देतं. ताप किंवा कुठलाही संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, दोन-तीन आठवडे थांबा.

वही मी आता वर्षातून दोनदा काढते, जानेवारीत आणि जुलैत, सात-सात दिवस. जानेवारीत मेथी, पेरू, आवळे, बाजरी सगळं असतं, तेव्हा आकडे आपोआप बरे येतात. जुलैत पालेभाजी महाग आणि चिखलाने माखलेली, ती आणायचाच कंटाळा येतो आणि कॅल्शियम पाचशेच्या खाली जातं. त्या महिन्यात नाचणीचं पीठ दोन किलो जास्त दळून आणते आणि शेजारच्या सोसायटीतल्या शेवग्याचा पाला मागून घेते. पावसात फांद्या मोडून पडतात, रखवालदार खुशीने देतो.